आधी थोडं पाठवून बघावं

वजनकाटे तपासणं हे माझं काम. प्रयोगशाळांचे, सोनारांचे, औषध कारखान्यांचे काटे माझ्याकडे येतात. माझ्या खोलीची खिडकी कायम बंद असते, कारण वाऱ्याच्या झुळकीनेही आकडा हलतो. टेबल दगडी, त्यावरचा सर्वांत नाजूक काटा काचेच्या पेटीत. अठरा वर्षं तिथे बसून एक सवय लागली आहे. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. पुढचंही त्याच सवयीने सांगते.

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. एका सकाळी कामावर निघताना बूट घालता घालता तो खाली बसला, तो उठलाच नाही. मागे वहिनी आणि पाच वर्षांची मुलगी. पोरीला जन्मापासून ऐकू येत नाही. कानात यंत्र बसवायची शस्त्रक्रिया करायची तर लवकर करा, उशीर झाला की मेंदू ऐकायला शिकत नाही, असं डॉक्टर दर भेटीत बजावत होते. दादा त्याचसाठी साठवत होता. पण बँकेत नाही, क्रिप्टोत. त्यावरून आमचं भांडण झालं होतं. "तू ग्रॅम मोज, मी मजले मोजतो," म्हणून त्याने मला वाटेला लावलं होतं.

दादाचं दिवसकार्य झाल्यावर वहिनीने एक छोटं यंत्र माझ्या हातात दिलं. पेन ड्राइव्हएवढं, एक बारीक पडदा, दोन बटणं. हार्डवेअर वॉलेट. मी नेटाने वाचायला बसले आणि मला एवढं कळलं: पैसे या यंत्रात नसतात, पैशांची किल्ली असते. तीनदा चुकीचा पिन टाकला की यंत्र स्वतःला पुसून टाकतं. पण चोवीस शब्दांची एक यादी असते, ती असली तर किल्ली दुसऱ्या यंत्रात पुन्हा उभी करता येते. यादी ज्याच्या हाती, पैसे त्याचे. आणि कुठेही पैसे पाठवायचे तर यंत्राला वीज लागते, पिन लागतो, आणि दोन्ही बटणं बोटांनी एकदम दाबावी लागतात.

पिन कोणालाच माहीत नव्हता. मी यंत्र माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात बंद केलं. वहिनीला म्हटलं, यादी शोधू, घर उलटंपालटं करावं लागलं तरी चालेल.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला एक जण म्हणाला, यादी सापडली की फोटो पाठवा, पाच मिनिटांत काम करून देतो. मी हात जोडून बाहेर पडले. चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली द्यायला मी काही एवढी भोळी नाही.

यादी सापडायला दोन महिने लागले. दादाच्या हत्यारांच्या पेटीचा तळ दुहेरी होता. त्यात पोलादी पट्टी, आणि तिच्यावर ठोकून उमटवलेले चोवीस शब्द. वहिनी पट्टीवरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिली.

त्याच आठवड्यात मी दादाच्या मोबाइलवर त्याचं खातं उघडलं. त्यात जमा नुसती दिसते, हलवता येत नाही. आणि जमेतून पैसे गेलेले होते. दर गुरुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, अगदी किरकोळ रक्कम. दर वेळी एकाच अनोळखी पत्त्यावर, म्हणजे खात्याच्या लांबलचक अक्षरी क्रमांकावर. पहिली रक्कम गेली ती दादा गेल्याच्या पुढच्या गुरुवारी.

मला पहिल्यांदा सुचलं ते कोणालाही सुचेल. आणखी कोणाकडे तरी ते शब्द आहेत. म्हणजे सगळं लवकरात लवकर नव्या किल्लीखाली हलवायला हवं. मी थेट कंपनीकडून दोन नवी यंत्रं मागवली. एकात दादाचे शब्द भरायचे, दुसऱ्यात नवे शब्द तयार करायचे, आणि एकातून दुसऱ्यात पैसे पाठवायचे.

ती यायच्या आत एक गुरुवार आला. मन खात होतं, म्हणून मी दादाचं यंत्र कपाटातून काढून नाजूक काट्यावर ठेवलं आणि काचेची पेटी लावून घेतली. यंत्राला ना वायर, ना आत बॅटरी. पडदा काळा. वजन तेवीस ग्रॅम आणि वर थोडं. मी वही उघडून बसले.

चार वाजून नऊ मिनिटांपर्यंत शेवटचा आकडासुद्धा हलला नाही.

चार दहाला वजन एकदम दोनशे ग्रॅमच्या वर गेलं. साधारण एक सेकंद तिथे थांबलं. मग पुन्हा तेवीसवर आलं.

पेटी बंद होती. दगड हलला नव्हता. मी वेळ आणि वजन लिहिलं. शेजारी ठेवलेल्या दादाच्या मोबाइलवर नोंद आली होती. रक्कम गेली होती.

नंतर मी पेटी उघडून यंत्राची दोन्ही बटणं माझ्या बोटांनी दाबून पाहिली. बटणं टक् वाजेपर्यंत दाबली की काटा जवळपास तोच आकडा दाखवत होता. मी काटा पुन्हा तपासला. काटा बरोबर होता.

वहिनीला सांगावं की नाही, यावर मी रात्रभर विचार केला नाही. लगेच सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नवी यंत्रं कधी येणार एवढंच विचारलं.

ती शनिवारी सकाळी आली. वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही दार लावून बसलो. कॅमेऱ्याचे मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवले. पोरगी खाली फरशीवर चित्र काढत होती. डब्यांची सीलं मी भिंगाखाली तपासली, ती शाबूत होती. पहिल्या यंत्रात पट्टीवरचे शब्द एकेक करून भरले. कॉम्प्युटरवर एक अक्षर टाइप केलं नाही. दादाची जमा समोर आली. वहिनीने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच खाली केला.

दुसऱ्या यंत्राने स्वतःचे चोवीस शब्द दिले. मी ते कागदावर दोनदा उतरवले, यंत्र पुसलं, कागदावरून परत भरलं. चुकलं नव्हतं. मग पैसे घेण्यासाठीचा पत्ता मागितला. पडद्यावर लांबलचक अक्षरं आली. ती मी कॉम्प्युटरवरच्या अक्षरांशी ताडून बघू लागले, आणि थांबले.

हा पत्ता मला पाठ होता. गुरुवारचे पैसे इथेच जात होते.

सीलबंद डब्यातून तासाभरापूर्वी निघालेलं यंत्र. शब्द त्याने आत्ता, माझ्यासमोर तयार केलेले.

मी कागद फाडले. यंत्र पुसलं. नवे शब्द घेतले. एकही शब्द आधीच्या जागी नव्हता.

पत्ता तोच होता.

पत्ता शब्दांवरूनच ठरतो; शब्द बदलले आणि पत्ता तोच, असं होत नाही. होऊच शकत नाही, हे मला हिशेबाने माहीत आहे. मी वहिनीला म्हटलं, "वहिनी, हे सगळं गुंडाळून ठेवू. माझ्या आवाक्यातलं नाही हे."

वहिनीने पट्टी माझ्यापुढे सरकवली.

"वन्सं, तुम्हीच मला काल शिकवलंत," ती म्हणाली. "मोठी रक्कम पाठवायच्या आधी थोडी पाठवून बघायची. नीट पोचते का ते."

"हो."

"मग कोणीतरी बघितलंय. इतके गुरुवार बघितलंय. आता पाठवा."

मी खुर्ची पुढे ओढली. रक्कम भरली. पत्ता पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पुन्हा वाचला, वहिनीनेही वाचला. यंत्राने विचारलं, खात्री आहे? मी डावं बटण दाबलं. उजव्यावर बोट नेण्याआधीच ते आत गेलं.

टक्.

वहिनीने ते पाहिलं. मीही पाहिलं. पैसे पोचले.

दादाचं जुनं यंत्र त्यानंतर तीन गुरुवार काट्यावर ठेवलं. तेवीस ग्रॅम. हललं नाही.

शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात झाली. जखम भरल्यावर कानातलं यंत्र चालू करायला आम्ही गेलो. खोलीत श्रवणतज्ज्ञ बाई, वहिनी, मी आणि बाईंच्या समोर उंच खुर्चीत पोरगी. बाईंनी बजावलं, चालू केल्यावर मी हात वर करेपर्यंत कोणी अवाक्षर काढू नका. तिच्या कानावर पडणारा पहिला आवाज आईचा असू दे. वहिनी काय म्हणायचं ते ओठांतल्या ओठांत घोकत होती.

बाईंनी कळ दाबली. दिवा हिरवा झाला.

पोरगी दचकली. मग तिने सावकाश मान वळवली, आईकडे नाही, दाराजवळच्या रिकाम्या भिंतीकडे. हनुवटी वर करून, उंच माणसाकडे बघावं तशी बघत राहिली. लक्ष देऊन, भुवया थोड्या उचलून. मग हसली आणि होकारार्थी मान हलवली.

बाईंनी अजून हात वर केला नव्हता.