पत्ता बदलायचा राहिला

सर कोसळली तशी ऋतिका स्कूटर लावून दिसेल त्या आडोशाला धावली. तो आडोसा निघाला भाटे गावाच्या रस्त्यावरच्या रोपवाटिकेचा. आत गुडघाभर उंचीची नारळाची रोपं, आणि त्यांच्यामध्ये चिखलाच्या हातानं फोन कानाला धरून उभा असलेला एक तरुण.

"बाणवली नारळाची रोपं संपली... हो, संपली म्हणजे संपली!" फोन ठेवून त्यानं तिच्याकडे पाहिलं. "बॅग आत आणा. तुम्ही भिजलात तरी वाळाल, लॅपटॉप नाही वाळायचा."

ती हसली नाही; पण बॅगेबरोबर तीही आत आली.

त्याचं नाव संदेश. फोनवर दिवसभर तेच तेच सांगून घसा बसलेला. ऋतिका घरून काम करणारी प्रोग्रॅमर. सर ओसरेपर्यंत तिनं त्याला वेबसाइट करून द्यायचं कबूल केलं होतं – कुठली रोपं शिल्लक आहेत ते लोकांनी तिथंच पाहावं, तिथंच मागणी कळवावी.

आठवड्यानं तिनं लिंक पाठवली. लगेच त्याचा फोन.

"उघडत नाही हो!"

"अगंबाई... नाहीच उघडणार. तो पत्ता माझ्या लॅपटॉपपुरता आहे. साइट अजून माझ्याच मशीनवर चालते, बाहेरून दिसत नाही."

"म्हणजे बघायची तर तुमच्या शेजारी येऊन बसायला हवं?"

"...हो."

"मग बरंच आहे की!"

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन रोपवाटिकेत येऊ लागली. एका पडद्यावर दोघं वाकत. त्याच्या शर्टाला ओल्या काथ्याचा वास येई. तो पडद्यापेक्षा तिच्या बोटांकडे जास्त पाहतो, हे तिला मान न वळवताही कळे.

साइट क्लाउडवर चढवणं तासाभराचं काम होतं. पण एकदा चढली की ती त्याच्या फोनवरच दिसणार – मग शेजारी बसायला कारण काय? म्हणून ऋतिका कधी रंग बदली, कधी बटणांचे कोपरे गोल करी.

"काय गो," संदेशची मथुराआत्या एकदा म्हणाली, "नारळाला कोंब येईल, पण तुझी साइट काय यायची नाय!"

ऋतिकाचे कान तापले. दुसऱ्याच दिवशी तिनं साइट चढवली.

संदेशनं ती फोनवर उघडली. मागणीच्या फॉर्मात बराच वेळ काहीतरी लिहिलं, 'संदेश पाठवा' हे बटण दाबलं आणि मोठ्यानं हसला.

"तुमची साइट माझी बदनामी करते हो! म्हणते, 'संदेश पोहोचला नाही'."

ऋतिकानं पाहिलं. साइट क्लाउडवर गेली होती, पण फॉर्मात अजून तो जुनाच पत्ता होता, लॅपटॉपबाहेर कुणाला ठाऊक नसलेला.

"पत्ता बदलायचा राहिला," ती पुटपुटली. "असली चूक मी करत नाही कधी."

"मग मन कुठं होतं?"

तिनं पत्ता बदलला. "पुन्हा पाठवा."

"तेच?"

"तेच."

तो पाठ फिरवून लिहीत राहिला. मग तिच्या पडद्यावर एक नवी ओळ उमटली. रोपं: शून्य. निरोप: 'साइट झाली. आता तू यायची नाहीस का?'

तू... इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

तिनं ती ओळ दोनदा वाचली.

"साइट पंधरा दिवसांपूर्वीच तयार होती," ती हळूच म्हणाली. "मीच चढवत नव्हते."

तो वळला. "का?"

"तू शेजारी बसायचास... म्हणून."