वत्सलाबाईची बदनामी

त्या एकनाथाची वागणूक वत्सलाबाईला पहिल्या दिवसापासून पसंत नव्हती. मासळी घ्यायची नाही आणि टोपलीपुढून हलायचंही नाही, ही कुठली रीत? बोईसरच्या बाजारात नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. कोणी भाव पाडतं, कोणी नाक मुरडतं, कोणी मासा बोटानं दाबून बघतं आणि शिव्या खातं. हा पोरगा मात्र नुसता उभा. हातात रिकामी पिशवी, पायात कंपनीचे बूट, आणि डोळे... डोळे कधी पापलेटावर, कधी हिरावर. पापलेटावर जरा कमीच.

हिरा ही वत्सलाबाईची एकुलती लेक. नवरा गेल्यापासून समुद्राकाठच्या दांडी गावातल्या घरात या दोघीच. सकाळच्या एसटीनं टोपल्या घेऊन बोईसरला यायचं, उन्हं कलली की परतायचं. वत्सलाबाई शाळेत गेली ती पाटी फुटेपर्यंत. पुढं दुसरी पाटी कोणी आणली नाही. पण तिच्या तोंडापुढं वकील टिकला नसता. बाजारात तिला तिखट म्हणत आणि तिला त्याचा राग नव्हता. मासळीवाली गोड बोलायला लागली म्हणजे मासळी कालची, असं ती स्वतःच सांगायची.

पोरगा पहिल्यांदा आला तोच मुळी भलती मागणी घेऊन. मूळचा सफाळ्याकडचा, भातशेतीवाल्यांच्या घरातला. कंपनीत कामाला, सरावलीच्या चाळीत राहायला. चाळीतली पोरं दिवाळीला नाटक बसवत, ते हा लिहायचा. त्या नाटकात मासळीवाली होती, म्हणून त्याला एक टोपली हवी होती आणि लुगडं कसं नेसतात ते विचारायचं होतं.

वत्सलाबाई म्हणाली, नेसून दाखवू का इथं भर बाजारात?

"तसं नाही, मावशी..." पोरगा कानापर्यंत लाल झाला, मागं सरकला आणि मागच्या बाईच्या सुकटीच्या ढिगात बसला.

हिरा हसली. पदर तोंडात कोंबून, खांदे हलवत हसली. आणि तो अंगावरची सुकट झाडायचं सोडून तिच्याकडं बघतच राहिला. वत्सलाबाईनं तिथंच ओळखलं, टोपली आता जाणार.

गेलीच. मग काय, टोपलीबरोबर डोक्यावर ठेवायची चुंबळ राहिली म्हणून तो आला. मग चुंबळ सैल आहे म्हणून आला. मग काही कारण उरलं नाही तेव्हा उघड उघड आला.

"आज काय राहिलं?" हिरा मान वर न करता विचारायची.

"आज... बांगडे."

"हे बोंबील हायत."

"मग बोंबील द्या."

"खाता येतात, का नुसते लिहितोस?"

"तुम्ही साफ करून दिलेत तर खाईन."

"साफ मी करीन. तळंल कोण?"

उत्तर त्याच्या ओठावर असे, पण टोपलीमागं आई बसलेली.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा वत्सलाबाईनंच त्याला विचारलं, की ही नाटकातली माणसं तू आणतोस कुठून? तो खूश झाला. म्हणाला, एकाचं नाक घ्यायचं, दुसऱ्याची चाल, तिसऱ्याचं बोलणं, आणि सगळं एकाच्या अंगावर चढवायचं. वत्सलाबाई म्हणाली, म्हणजे चोऱ्याच की. तो हसला. मग हातातली पिशवी दुमडत म्हणाला,

"दिवाळीला लोकांना कोणीतरी चांगलं बघायचं असतं, मावशी. सुटी असते, पोट फराळानं भरलेलं असतं, मन मऊ झालेलं असतं. पण वाईट माणूस चटकन लिहून होतो. चांगला लिहायला घेतला की साखरेचं चित्र होतं."

वत्सलाबाई म्हणाली, मग नको लिहू. आणि बोंबलांवरच्या माशा वारू लागली. त्या वेळी हिरानं आईकडं एक नजर टाकली. ती नजर तिनं तेव्हाच पकडायला हवी होती.

त्या नजरेमागं मंगळी होती. मंगळी डोंगराकडच्या पाड्यावरची. दर बाजाराला सागाच्या पानांचा भारा डोक्यावर घेऊन यायची. पानांत मासळी बांधायची आणि पानांच्या बदल्यात मंगळीला सुकी मासळी द्यायची, हा व्यवहार वत्सलाबाईच्या सासूच्या वेळेपासूनचा. पुढं रद्दी आली. कंपनीवाल्यांच्या बायका म्हणू लागल्या, सागाच्या पानाचा लाल रंग पिशवीला लागतो, कागदातच द्या. पानाला विचारणारं कोणी उरलं नाही. वत्सलाबाई भारा मात्र घेत राहिली. घ्यायची तीही भांडून. पानं फाटकी, पानं बारकी, पानांना कीड. मंगळीही काही कमी नव्हती, ती म्हणायची तुझे बोंबील म्हणजे चुलीत घालायच्या काड्या. माणसं थांबून ऐकत. शेवटी मंगळी जायची ती फडक्यात मूठभर जास्तच घेऊन, आणि पानं जायची दांडीला, घरामागं सुकून पडायला. हिरानं एकदा विचारलं तर आई तिच्या अंगावर ओरडली होती.

ही गोष्ट हिरानं एकनाथला सांगितली. एसटीची वाट बघताना, आईच्या अभिमानानं, हळू आवाजात. आणि त्यानं ती दिवाळीच्या नाटकात घातली.

वत्सलाबाई नाटकाला गेली नव्हती. तिला कळलं ते दुसऱ्या दिवशी, सरावलीच्या बायका टोपलीपुढं येऊन हात जोडू लागल्या तेव्हा. नाटकात दांडीची एक मासळीवाली होती म्हणे, तोंडानं विस्तव आणि मनानं मध. डोंगरातल्या बाईच्या घरी मासळी जावी म्हणून नको असलेली पानं घेते. बायका रडल्या म्हणे. रडून झाल्यावर त्यांनी पापलेटावर दोन बांगडे फुकट मागितले.

तेवढंच असतं तर वत्सलाबाईनं निभावलं असतं. पण मंगळीचा नवरा बुधा कंपनीच्या गेटवर ट्रक भरायचा. तो नाटकाला पहिल्या रांगेत बसला होता. आणि नाटकानंतर बरोबरचे हमाल त्याला म्हणाले, मजा आहे, तुझ्या घरी फुकटचे बोंबील शिजतात.

पुढच्या बाजाराला मंगळी आली ती न भांडता. तेव्हाच वत्सलाबाईनं हातातले बोंबील खाली ठेवले.

"वत्सला, तुला पानं लागत नायत?"

"कोण म्हणतं?"

"सगळा बोईसर म्हणतो. मी पानं विकाया येत व्हते. भीक मागाया नाय."

तिनं भारा उचलला आणि पलीकडं भिंतीच्या कडेला जाऊन बसली. पानं कोणी घेतली नाहीत. दुपारपर्यंत त्यांच्या कडा वळल्या. वत्सलाबाईनं हिराच्या हाती बोंबलाची जुडी पाठवली, ती तशीच परत आली. तुळशीचं लग्न झालं की मंगळीचं घर वसईकडं वीटभट्टीवर जाणार होतं, ते पार उन्हाळा संपेपर्यंत. तिकडं भाताबरोबर वर्षानुवर्षं वत्सलाबाईचे बोंबील असत. या वर्षी माणसं नुसत्या मिठावर जाणार होती. वत्सलाबाई घरी आली आणि जेवली नाही. म्हणाली, पोटात वात धरलाय.

एकनाथ आला तेव्हा हिरानं पहिल्यांदा त्याच्याकडं पाठ केली.

"मी तुला आयेचं मन सांगितलं, तू ते तमाशाला लावलंस. मंगळीमावशी हितं येऊन पुन्ना भांडत नाय, तवर माझ्याशी बोलू नको."

पोरगा पांढरा पडला. तसाच कंपनीच्या पँटीनिशी टोपलीपुढं मातीत बसला. म्हणाला, मी काल पाड्यावर गेलो होतो, मंगळीला सांगितलं की सगळं मनचं आहे. ती म्हणाली, मनचं असेल तर शपथ घे. शपथ काही माझ्यानं घेववली नाही.

"मावशी, मला तुम्ही चांगल्या वाटलात, म्हणून मी—"

"चांगली कशाला केलीस मला?" वत्सलाबाईचा आवाज एवढा खाली आला, की हिरा वळून बघू लागली. "चोर करायची, चेटकीण करायची, मी माझ्या तोंडानं निस्तरलं असतं. तू मला चांगली केलीस आन तिला भिकारीण केलीस. समजतं का तुला, लेखका?"

त्यानं भिंतीकडं मंगळीनं तशाच टाकलेल्या पानांकडं पाहिलं. मग उठला आणि गेला. हिराकडं बघायचंही त्याला सुचलं नाही. हिरानं मात्र तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत पाहिलं, आणि एका गिऱ्हाइकाला हलव्याच्या जागी घोळ मासा देऊन बसली.

तुळशीच्या लग्नाला सरावलीच्या चाळीत पुन्हा नाटक ठेवलं. हिरा आईच्या मागं लागली, की चल, बघू तरी हा अजून काय काय करतो. वत्सलाबाई भांडायच्या तयारीनंच गेली. मैदानात उसाचे मांडव होते, पोरं टिकल्या फोडत होती, दिवस अजून पुरता बुडाला नव्हता. पहिल्या रांगेत बुधा आणि त्याच्या शेजारी मंगळी. बुधानं तिला कशीबशी आणली होती. अंग चोरून बसली होती.

नाटकाआधी एकनाथ पुढं आला. म्हणाला, दिवाळीला मी जे लिहिलं ते ऐकीव होतं, खरी हकीकत मला मागाहून कळली. आणि पडदा वर गेला.

दामू नावाचा धिप्पाड फिटर लुगडं नेसून, पोटाला उशी बांधून मासळीवाली झाला होता. त्यानं डोंगरातल्या बाईशी भांडून पानांचा भारा घेतला, तिच्या हातावर चार बोंबील टेकवले, आणि ती वळल्यावर इकडं तिकडं बघून भारा मुंबईच्या गाडीत चढवला. का? तर मुंबईच्या खानावळीत मोठमोठी माणसं म्हणे आता सागाच्या पानावरच जेवतात. दुसऱ्या अंकात तिच्या गळ्यात सोन्याची माळ. तिसऱ्यात माळ दुहेरी. लोक "लबाड बाई, लबाड बाई" करून ओरडू लागले. बुधा उठून शिट्टी मारत होता.

वत्सलाबाई उभी राहिली. अख्ख्या जन्मात कोणी तिला खोट्या मापाची म्हटलं नव्हतं. हिरानं तिच्या पदराचं टोक धरून ठेवलं. पोरीचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती, आणि आईला त्यातलं काहीएक कळेना. एसटीत वत्सलाबाईनं जाहीर केलं, की त्या पोराची तंगडी मोडून हातात देईन. हिरा खिडकीतून बाहेर बघत गुणगुणत होती. त्यानं तर आईचं डोकं अजूनच फिरलं.

बाजाराच्या दिवशी मंगळीचा आवाज आधी आला आणि मंगळी मागाहून. भारा तिनं असा आदळला, की टोपलीतले बोंबील उडाले.

"वत्सले, मुंबईला पानं धाडतेस, आन मला काड्या देतेस? इतकी वरसं खाल्लंस माझं?"

"खोटं हाय" हे शब्द वत्सलाबाईच्या जिभेवर आले होते. तेवढ्यात तिला गर्दीमागं एकनाथ दिसला. हसत नव्हता. ओठ कोरडे पडलेले. आणि हिरानं टोपलीआडून आईच्या गुडघ्यावर हात ठेवून घट्ट दाबला.

तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला.

तिनं नजर चोरली, पदर सारखा केला, आणि चोरी पकडलेल्या बाईच्या आवाजात पुटपुटली, "तुला... कोणी सांगितलं?"

झालं. मंगळी अशी काही पेटली, की भाजीवाले गाळे सोडून आले. वत्सलाबाईनंही मग कसर ठेवली नाही. पानं फाटकी, पानांना कीड, मुंबईवाले अर्धी परत पाठवतात, माझं दिवाळं काढतेस. तोंड चालू आणि हात भरत होता. बोंबील गेले, वाकट्या गेल्या, वर सुकटीचा ढीग. पार भट्टीचा हंगाम निघेल एवढं. मंगळी गाठोडं डोक्यावर घेऊन निघाली तेव्हा तिची मान ताठ होती, आणि जाता जाता ती बजावून गेली, की पुढच्या साली याच्या दुप्पट घेईन.

वत्सलाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, सुकट उडाली डोळ्यात.

एकनाथ हळूच टोपलीच्या या अंगाला आला.

"आता बोलू?"

"बोल की," हिरा म्हणाली. बोंबील मोजत होती, मोजता मोजता चुकत होती.

"काय बोलू?"

"मी सांगू? लेखक तू हायस."

"परवाच्या नाटकातलं सगळं खोटं होतं. एक गोष्ट मात्र... म्हणजे तुम्ही मला... मी रात्रंदिवस—"

"आये ऐकतेय."

"ऐकू दे."

हिराच्या हातातली जुडी सुटली. दोघं एकदम वाकली, दोघांची डोकी आपटली, आणि मग कोणी पटकन उठेना.

पण वत्सलाबाईला तिकडं बघायला सवड कुठली? पाड्यावर बातमी केव्हाच पोचली होती. लाडकी आली, बुधी आली, सोमी आली, प्रत्येकीच्या डोक्यावर सागाच्या पानांचा भारा. मुंबईला जातात ना पानं, मग आमचीही घे. नाही म्हणावं तर मंगळीपर्यंत जायला वेळ लागला नसता. वत्सलाबाईनं एकेकीशी रीतसर भांडून सगळे भारे घेतले. दुपारी टोपली रिकामी आणि मागं पानांचा डोंगर. त्या डोंगरापुढं कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली आणि तिनं एकनाथला बोटानं जवळ बोलावलं. तो आला. हिरा त्याच्या मागं अर्धी लपून.

"चांगलं माणूस तुला लिहिता येत नाय, पोरा. आन वाईट लिहिलंस ते साऱ्या बाजारानं खरं मानलं. मी आता मरेपातूर चोर. लबाड हायस तू, पक्का लबाड. पण दुसऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून लबाडी करतोस, तेवढी आमच्या घरात खपते. येत्या ऐतवारी बापाला घेऊन दांडीला ये, काय बोलायचं ते बोलू. आन आज हे भारे उचल आन एसटीपर्यंत चल. सासरवाडीला रिकाम्या हातानं येतात का कुठं?"