लाल झेंडा दाखवूनही गाडी थांबली नाही

ही ऐकीव गोष्ट नाही. मी तेव्हा सात वर्षांची होते आणि आईचा पदर धरून तिथेच उभी होते. पटलं नाही तरी चालेल, पण मी यात पदरचं काही घातलेलं नाही.

थंडीचे दिवस होते. उन्हं नुकतीच उतरली होती...

बाबा रेल्वेत पंपवाले. इंजिनांना पाणी भरायला म्हणून माळावर वसवलेली ती छोटीशी वसाहत. पाण्याची उंच टाकी आणि पत्र्याच्या छपराच्या सहा खोल्या. एकीत आम्ही, शेजारच्या खोलीत रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले काका आणि काकू.

उरलेल्या चार बंद.

आम्ही राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात आईचे वाळत घातलेले कपडे चिखलात तुडवलेले सापडले. भरलेले हंडे पालथे. आई तणतणत काकूंच्या दारात गेली.

"माझ्याशी कशाला भांडतेस बाई?" काकू म्हणाल्या. "माझी तर चूल विझवतात रोज."

"कोण?"

काकूंनी काकांकडे पाहिलं.

मग काकांनी सांगितलं. लाइन टाकायला आलेली पहिली माणसं बायकापोरांसकट इथेच राहायची. तापाची साथ आली. ती पसरू नये म्हणून इथे गाडी थांबवायची नाही, असा हुकूम निघाला. ती माणसं रुळांच्या कडेला उभी राहून हात करायची. आजारी पोरांना उचलून दाखवायची.

गाड्या निघून जायच्या.

"एकही वाचलं नाही, वहिनी. त्यांचा राग अजून इथेच आहे."

बाबांनी ते हसण्यावारी नेलं.

मग माझ्या धाकट्या भावाला ताप भरला. दोन वर्षांचा जीव. अंगाची नुसती भट्टी. तो डोळे फिरवू लागला तशी आईचा धीर सुटला. दवाखाना पुढच्या स्टेशनला. संध्याकाळची पॅसेंजर आमच्याकडे लाल झेंडा दाखवला तरच थांबायची.

काका झेंडा धरून उभे राहिले.

लांबून शिट्टी ऐकू आली... आणि टाकीवरच्या पारव्यांचा आवाज एकदम बंद झाला.

पंप चालू होता. पण त्याची धडधडही ऐकू येईना.

मागे खडी वाजली... पाऊल टाकल्यासारखी. मग आणखी एक. मग पुष्कळ.

मी वळून पाहिलं.

कुणीच नव्हतं.

गाडीचा वेग कमी झाला. आईनं धाकट्याला वर उचललं. इंजिन अगदी जवळ आलं... आणि ड्रायव्हरनं गाडी तशीच पळवली! फायरमन बाहेर वाकून ओरडत होता, "हटा! मागे हटा सगळे!"

सगळे?

आम्ही म्हणजे आई-बाबा, दोन पोरं आणि काका; काकू घरातच होत्या. बस.

शेवटचा डबा गेला. आणि आमच्या पाठीमागे कुणीतरी हसलं...

"ट्रॉली काढा," काका म्हणाले. रुळांवरून ढकलत न्यायची लाकडी ट्रॉली होती. त्यावर आम्ही बसलो. बाबा आणि काका ढकलू लागले.

उतार होता. तरी ट्रॉली इंच-इंचच सरकत होती. जणू वीस माणसं चढून बसली होती.

आईच्या कानाशी एका बाईचा आवाज आला. मीही ऐकला.

"आमची नाही नेली कुणी..."

आई ओरडली, "त्यात माझ्या लेकराचा काय गुन्हा?"

धाकट्याच्या अंगावरचं पांघरूण हिसका देऊन कुणीतरी ओढून नेलं.

कसाबसा वसाहतीबाहेरचा ओढ्यावरचा पूल ओलांडला आणि ट्रॉली एकदम हलकी झाली.

पुढच्या स्टेशनात पॅसेंजर क्रॉसिंगसाठी अडकून उभीच होती. ड्रायव्हर आम्हाला बघून पांढराफटक पडला.

"त्या गर्दीतून सुटलात कसे?"

"कसली गर्दी?" बाबांनी विचारलं.

"अहो, तुमच्या पाठीला खेटून उभी होती माणसं! बायका, पोरं... प्रत्येकाच्या हातात दगड. मला वाटलं, दंगल झालीय."

धाकटा वाचला.

काका मात्र तिथे थांबले नाहीत. "ती तिथे घरी एकटी आहे हो," म्हणाले आणि बाबा नको नको म्हणत असताना ट्रॉली घेऊन परत निघाले.

सकाळी बाबा मालगाडीनं गेले. पुलापलीकडे ट्रॉली रुळांच्या कडेला उलटी पडली होती. काकू आपल्या दारात बसलेल्या. दार बंद.

"दादा कुठेत?" बाबांनी विचारलं. काकांना ते दादाच म्हणायचे.

"आत आहेत की." काकू हसल्या. "आले कालच. बरोबर सगळ्यांना घेऊन आले."

बाबांनी दारावर थाप मारली. "दादा, बाहेर या!"

आतून उत्तर आलं...

"इथून कुणी जायचं नाही."

आवाज काकांचाच होता. पण बाबा शेवटपर्यंत सांगायचे, त्याच वेळी तेच शब्द आत आणखी पुष्कळ जण बोलत होते.

त्यांनी काकूंचा हात धरून ओढलं. काकू तसूभरही हलल्या नाहीत. बाबा जीव घेऊन मालगाडीकडे पळाले.

दुपारी माणसं घेऊन परत गेले तेव्हा सहाही खोल्या सताड उघड्या होत्या. आत काडीही नव्हती. काका-काकूंचा पत्ता पुन्हा कधी लागला नाही.

धाकटा आता नातवंडांत रमलाय. त्याला यातलं काहीच माहीत नाही. मला मात्र आजही एक गोष्ट झोपू देत नाही.

त्यांना अडवायचं होतं ते आम्हाला, आणि आम्ही तर सुटलो. मग काका-काकूंना का ठेवून घेतलं?

की आमच्या बदल्यात...?