दाबलं!

हे खरं घडलेलं आहे. पटवून द्यायचा माझा आग्रह नाही. कन्सोलची वायर काढून मी समोर टेबलावर गुंडाळून ठेवली आहे. तरीही हे लिहिताना हॉलकडे पाठ करून बसलेले नाही.

शनिवार, अठरा जानेवारी. मयूर विहार, तिसरा मजला.

आमच्या घरातला तो शेवटचा साधा दिवस.

बाबा आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना जुन्या नाटकांचा नाद लागला होता. कॉम्प्युटरमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून माझ्या धाकट्या भावाने, आशयने, एक सोय करून दिली होती. डाउनलोड घरच्या वायफायवरून थेट हॉलमधल्या गेम कन्सोलच्या डिस्कवर उतरायचं. मग टीव्हीवर बघायचं.

अडचण एकच. वीस मिनिटं कोणी हात लावला नाही, की कन्सोल झोपायचा आणि डाउनलोड तुटायचं. म्हणून हॉलमध्ये जो असेल त्याने अधूनमधून कंट्रोलरचं बटण दाबायचं.

"रसिका, बटण!"

"दाबलं!"

"नुसतं म्हणतेस की खरंच दाबलंस? मागच्या वेळी माझा अख्खा दुसरा अंक गेला."

"बाबा, मी तुमच्या ऑफिसातला प्यून नाही."

"प्यून बरा होता. हाक मारली की उठून तरी यायचा."

दोघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी पावणेचारला बाबा कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

मी हॉलमध्ये होते. सगळ्यांना सांगितलं, कानात हेडफोन होते.

तेरावं झालं. आशय कॉम्प्युटर गुडगावला त्याच्या घरी घेऊन गेला. त्यातलं सगळं त्याने पुसूनही टाकलं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी एकटी होते. कन्सोल बंद होता.

टिक...

दिवा लागला.

टीव्हीवर डिस्कची यादी उघडली. तळाशी एक नवी फाइल. नाव नाही, नुसती तारीख. १९ जानेवारी.

आणि तिचा आकार वाढत होता...

मी राउटर बंद केला. आकार वाढतच राहिला. पावणेचारला थांबला.

मी फाइल पुसली.

पुढच्या रविवारी ती परत आली. आधीपेक्षा मोठी. जागा करायला डिस्कवरचे माझे फोटो गेले होते. आई होती तेव्हाचे, सगळे. आशयच्या एकालाही धक्का नव्हता.

टेबलावरचा कंट्रोलर थरथरायला लागला. थरथरत, सरकत, माझ्या बाजूच्या कडेपर्यंत आला...

मी फाइल उघडली.

चित्र काळं. नुसता आवाज. आतल्या खोलीतल्या हीटरची घरघर. खुर्चीची करकर. मग श्वास... जड, अडखळणारा.

"रसिका..."

आणि लांबून, हॉलमधून, माझा आवाज.

"दाबलं!"

फाइल तिथेच संपली. पुढचं अजून उतरायचं होतं.

एकटीने ते ऐकायची माझी हिंमत नव्हती. मी आशयला बोलावलं. कशासाठी ते सांगितलं नाही. काल, रविवारी, तो आला. चहाचा कप घेऊन सोफ्यावर बसला.

"अरे यार ताई, याचा प्लग तर काढलाय."

"मीच काढलाय."

टिक...

दिवा लागला.

आशयने कप खाली ठेवला. फाइल आपोआप सुरू झाली. हीटर. करकर. श्वास.

"रसिका..."

"दाबलं!"

आशय माझ्याकडे वळला.

"ताई... तुझे हेडफोन होते ना?"

मी काही बोलायच्या आत पुन्हा हाक आली. या वेळी बारीक.

"बटण नाही गं... इकडे ये."

त्यावर माझं उत्तर नव्हतं. हॉलमधल्या माझ्या गेमचं संगीत तेवढं वाजत होतं. कितीतरी वेळ.

कंट्रोलर टेबलावरून खाली पडला. जमिनीवरही थरथरत राहिला.

मी उठले. आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आशय मागे उभा होता. खुर्ची रिकामी होती, पण दाराकडे वळलेली. मी ती कधी वळवली नव्हती.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "हेडफोन टेबलावर होते. पहिली हाक ऐकली. दुसरीही ऐकली. 'बटण नाही' हेसुद्धा ऐकलं. हातातला डाव संपू दे, म्हटलं."