शिरा दाखवणारा दिवा

नातवाला सलाईन लावून आणायचं, एवढंच काम होतं. फिफिता चार वर्षांचा. दोन दिवस जुलाब, डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राही. वावाऊ बेटावरचा आमचा दवाखाना, दुपारची वेळ. शेजारच्या चर्चमध्ये बायका रविवारच्या गाण्यांची तालीम करत होत्या.

लोसाना नर्सनं पोराला माझ्या मांडीवर बसवलं. आमच्या वेळी चार जण खाटेवर दाबून धरायचे. आता म्हणे मांडीवर बसवून टोचतात, आधी कातडी बधिर करायचं मलम लावतात. नवीन थेरं.

"आजोबा, कुरकुर नंतर. पोराला धरा," ती म्हणाली. "हा दिवा बघा, शिरा दाखवतो."

"माझ्या डोक्यातल्या दाखव."

"त्या दिव्याशिवायच दिसतात."

तिनं दिवा लावला. हिरवा उजेड मनगटावर पडला आणि कातडीवर काळ्या रेषा उमटल्या, गवताच्या मुळांसारख्या बारीक. तिनं सुई घातली. रक्त आलं नाही. दुसऱ्यांदा घातली. कोरडी.

"आजोबा, हात काढा ना... तुमच्या शिरा मध्ये येतायत."

माझे दोन्ही हात पोराच्या पोटावर होते.

मग मीही पाहिलं. पोराच्या रेषांवर दुसऱ्या रेषा होत्या. जाड, मोठ्या माणसाच्या. चार बोटं मनगटाला विळखा घालून खाली गेलेली. अंगठा मागे वाकलेला. असा अंगठा आमच्या घरात दोघांचाच. एक माझा, एक माझ्या मुलीचा, विकाचा. विकाला जाऊन वर्ष झालं होतं.

लोसानानं दिवा बाजूला नेला. हात नाहीसा झाला. परत आणला, हात तिथंच. प्रेताला चोळतो त्या सुगंधी खोबरेलाचा वास आला. पलीकडचं गाणं चालूच होतं. फिफिताची मान माझ्या दंडावर लोळली.

आमच्यात भावाच्या पोरावर बहिणीचा हक्क. तिनं मागितलं की द्यायचं. विकाला मूल नव्हतं, फिफिता जन्मला तेव्हा तिनं तो मागितला. माझा मुलगा सेमिसी नाही म्हणाला. बहिणीला नाही म्हणणारा आमच्या गावात तो पहिलाच.

"विका, सोड," मी म्हणालो. "मरेल पोरगं."

रेषा हलल्या नाहीत. बापाचं ऐकेल तर ती विका कसली!

सेमिसी दारातच उभा होता. त्यानंही पाहिलं. तो आत आला, बहिणीपुढे बसतात तसा मान खाली घालून जमिनीवर बसला.

"ताई... पोटातलं तुझं. हा मला राहू दे..."

त्याची बायको बाहेर बाकावर होती, सातवा महिना लागलेली. तिला कुणी विचारलं नाही.

एकेक बोट करत रेषा सुटल्या. लोसानानं सुई घातली. रक्त आलं.

"दिवा बिघडलाय," ती पट्टी चिकटवत म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

फिफिता आता झाडावर चढतो, शिव्या देतो. माझ्याकडून शिकलाय.

सुनेला मुलगी झाली. धडधाकट आहे, दूध पिते, फारशी रडत नाही. आईच्या कुशीत असो की माझ्या मांडीवर, तिचा एक हात बाजूला वर उचललेला असतो. मूठ वळते, पण पुरती मिटत नाही. आत बोटाएवढी जागा राहते.

काल मी तिथं माझं बोट घालून पाहिलं. जागा दिसते. बोट आत जात नाही.