सळईतून आलेले ठोके

तुम्हाला पटो न पटो, हे घडलेलं आहे. सुकलालमामांनी मरेपर्यंत हे सांगताना एका शब्दाचाही फरक केला नाही.

साल १९६६, वैशाखातली संध्याकाळ. शहाद्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी मामांचं शेत.

मुंबईकडून एक साहेब यंत्र घेऊन आला होता. अणूच्या कारखान्यातली विखारी घाण खोल पुरायची, तर आपला काळा पाषाण ती धरून ठेवेल का, हे त्याला बघायचं होतं.

"आत गेलेलं वर येता कामा नये, बस्स," तो म्हणायचा.

बोअर पाडलं मामांच्याच शेतात, बुजवलेल्या विहिरीजवळ. मामा तिथे मजुरीला होते.

त्या विहिरीत त्यांचा धाकटा भाऊ होता. बन्सीलाल.

खोदताना दरड कोसळली, प्रेतही मिळालं नाही. तेव्हापासून त्यांच्या आईने, दगूबाईने, रात्रीचं जेवण सोडलं. बन्सी आल्यावरच जेवीन म्हणायची. पार वाळून गेली होती बिचारी.

दुसऱ्या दिवशी सिमेंट ओतून बोअर बंद करणार होते. यंत्र थांबलेलं, त्याच्या सळया खाली बोअरमध्येच.

आणि...

ठक. ठक. ठक.

सळईतून. खालून.

मामांच्या अंगावर सर्रकन काटा आला. विहीर खोदणाऱ्यांची ही खूण. खालच्याने पहारीचे तीन ठोके दिले म्हणजे 'मला वर घ्या'. वरच्याने उलट तीन दिले, की तो कमरेला दोर बांधतो. बन्सी तर तीन ठोक्यांनंतर पहार दगडावर खर्रकन घासायचा. खोडच होती त्याची.

यंत्रावरचा फुलसिंग पुटपुटला, "भाऊ, जवाब देऊ नको. खाले कोन शे, तुले मालूम शे का?"

पण मामांना आई दिसत होती. त्यांनी हातोडी उचलली आणि तीन ठोके दिले.

सळया ओढायला घेतल्या. यंत्र कण्हायला लागलं. रोजच्यापेक्षा जड... माणसाएवढं जड.

वर आली ती फक्त सळईच्या पोकळीत अडकलेली पाषाणाची कांडी. कुठे बारीकशी फटही नाही. साहेब खूश झाला.

मामा धावत घरी गेले आणि दारातच थबकले.

आई जेवत होती.

समोर दुसरं ताट. पाटावर कोणी नव्हतं... पण ताटातली भाकर अर्धी झाली होती.

"हळू बोल," ती म्हणाली. "बन्सी उना. दमेल शे."

मामा ढसाढसा रडले. बन्सी आला, भावाला सोडवलं, असंच वाटलं त्यांना.

बोअर बुजलं. साहेब गेला. रोज दोन ताटं वाढली जाऊ लागली आणि आईच्या अंगावर मांस चढलं.

मग एकदा दिवेलागणीला मामा त्या सिमेंटवर विडी ओढत बसले होते...

ठक. ठक. ठक.

आणि मग... खर्रर्र.

विडी हातातून गळाली. पहिल्या वेळी हे घासणं नव्हतंच! बन्सी अजून खालीच होता.

तेवढ्यात बांधावरून आईची हाक आली. "सुकलाल, घर चाल. बन्सी तुन्ही वाट देखी ऱ्हायना."

मामा गेले. जाणार नाहीत तर काय करतील? बन्सीच्या नावाने घरात जे येऊन बसलं होतं, त्याच्याजवळ आईला एकटं कसं सोडायचं?