प्रीतम निघालो

डबा काढून आणायचा, एवढंच काम होतं. चार स्क्रू, दोन वायरी आणि एक अँटेना. तेही भर दुपारी. भुताखेताला घाबरणारा माणूससुद्धा दुपारी साडेबाराला पक्कड-पाना घेऊन निघताना मागे वळून बघत नाही. मीही बघितलं नाही.

डबा म्हणजे मॉडेम. त्याच्या पोटात आपल्या मोबाइलसारखंच सिम असतं. कारखान्यातल्या गॅसवर, तापमानावर लक्ष ठेवणारे सेन्सर त्याला जोडायचे. काही बिघडलं की तो माणसांच्या फोनवर मेसेज धाडतो. मी आणि प्रीतम आयटीआयपासूनचे दोस्त. आम्ही दोघं मिळून असे डबे बसवायचो. नांदगावला काजूच्या फॅक्टरीत, जामसंड्याला आंब्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, आणि मालवणात खाडीकाठच्या बर्फाच्या कारखान्यात.

बर्फाच्या कारखान्यात दाजी होता. तीस वर्षं कॉम्प्रेसर सांभाळलेला माणूस. डब्याचा पहिला इंग्रजी मेसेज बघून त्याने फोन माझ्या हातात परत ठेवला.

"ह्या माका कळणा नाय. तेका आमच्यासारख्या बोलूक शिकव."

शिकवलं. अमोनिया, म्हणजे बर्फ गोठवणारा विषारी गॅस, गळायला लागला की डबा पहिला मेसेज प्रीतमला पाठवणार, कारण त्याचं घर बंदरावर, दहा मिनिटांच्या रस्त्यावर: 'अमोनिया वाढलो. येतंस तर १ धाड.' प्रीतमने १ पाठवला की डबा बाकी कुणाला त्रास देणार नाही, फक्त दाजीला कळवणार: 'प्रीतम निघालो.' तीन मिनिटांत १ आला नाही तर मला, मग मालकाला.

दाजी जाम खूश. डबा बसवला त्या दिवशी त्याने नारळ फोडून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या पोरांचो डबो कधी खोटा बोलाचो नाय, असा कर रे म्हाराजा!" मागे हात जोडून उभे राहिलेले आम्ही दोघं एका सुरात ओरडलो, "व्हय म्हाराजा!" त्यानंतर रोज सकाळी तो डब्यावर एक जास्वंद ठेवायचा. आमचो राखणदार, म्हणायचा.

डबा कधीच खोटं बोलला नाही. बोललो ते आम्ही. फरशी फिनेलने धुतली तरी सेन्सर बोंबलायचा. चार वेळा धावत जाऊन प्रीतम कंटाळला आणि घरात बसूनच १ पाठवायला लागला. डबा गप्प, सगळे गप्प. मग सावकाश फोन करून विचारायचं, काय रे दाजी, फिनेल काय? मी त्याला एकदा झापलं. पुढे तो मुंबईला गेला असताना मीही दोनदा तेच केलं. खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला कारखाना पावसाळ्याच्या सुट्टीनंतर चालू झाला. सगळं मालवण बंदरावर, नारळ लढवायला. मी नांदगावला होतो. दुपारी व्हॉल्व्हमधून अमोनिया सुटला आणि दाजी आत मेला. मला मेसेज आला नव्हता. मालकाला आला नव्हता. आणि प्रीतमने दाजीच्या घरापुढच्या खळ्यात, सगळ्यांसमोर, माझ्याकडे बोट दाखवलं.

"माका मेसेज इलोच नाय. डबो अजयान बसवललो."

यशोदावहिनी, दाजीची बायको, तिथे बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर अजून माझ्या अंगावर आहे. "तुझ्या डब्यान माझो घोव खाल्ल्यान रे, अजय," त्या म्हणाल्या. ज्या घरात मी हक्काने जेवायला बसायचो, तिथलं दार मला बंद झालं. चौकशीवाल्यांनी प्रीतमचं म्हणणं लिहून घेतलं, डबा उघडूनही बघितला नाही, आणि कारखान्याला सील ठोकलं. आमची गिऱ्हाइकं प्रीतमकडे गेली, मी फ्रिज दुरुस्त करायला लागलो. वीस वर्षांचा दोस्त! त्याने मला भर माणसांत विकलं, आणि मला ते धड सिद्धही करता येत नव्हतं.

पण डबा आतच होता. डबा आलेला-गेलेला प्रत्येक मेसेज वेळेसकट साठवून ठेवतो. म्हणून सील निघून भंगारवाला यायचाय असं कळलं, तसा मी लॅपटॉप घेऊन गेलो. नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर होती. त्या नोंदींचा लॉग काढायचा, यशोदावहिनींसमोर ठेवायचा. बाकी जगाशी मला देणंघेणं नव्हतं.

गेटवर धोंडू राखणदारीला होता. चावी दिली, पण आत यायला तयार होईना.

"एक वाजाच्या आधी भायर ये," एवढंच म्हणाला. "मी त्या टायमाक हयसर पण थांबणय नाय, रस्त्यार जातंय."

मशीनच्या खोलीत उन्हातून आल्यावर आधी काहीच दिसेना. गंजाचा आणि खाऱ्या पाण्याचा वास. कॉम्प्रेसरच्या पट्ट्या कुणीतरी नेल्या होत्या. गॅस काढून नेल्याला दहा महिने झाले होते, वीज तोडल्याला अकरा. कुठेतरी पाणी ठिबकत होतं, ते थांबलं. मग भिंतीवर हिरवा ठिपका दिसला.

डब्याचा दिवा लुकलुकत होता.

आतली बॅटरी चार तास पुरते. मी वायर चाचपली, तुटकी होती. सिमचा खण उघडला. सिम हिरवं पडलेलं, वर्षभर बंद. दिवा लुकलुकतच होता. डब्यावर जास्वंद होती. वाळलेली नव्हती.

तेव्हाच निघायला हवं होतं. पण माझी वर्षभराची आग आत होती, तिच्यापुढे भीती काहीच नव्हती. मी लॅपटॉप जोडला आणि त्या दिवसाचा लॉग उघडला.

१३:०६, प्रीतमला: 'अमोनिया वाढलो. येतंस तर १ धाड.'
१३:०७, प्रीतमकडून: '१'.
१३:०७, दाजीला: 'प्रीतम निघालो.'
१३:११, दाजीकडून: 'खंय पावलंस?'
१३:१४, दाजीकडून: 'खंय पावलंस?'
१३:१९, दाजीकडून: 'मी व्हाल धरून आसंय. बेगीन ये.'

पुढे काही नव्हतं.

मी खाली फरशीवर बसलो. दाजी पळू शकला असता. दार सात पावलांवर होतं. पण खाडीपलीकडे वस्ती, पोरंबाळं. माणूस येतोय म्हणून तो तोंडाला ओला टॉवेल बांधून, एका हाताने व्हॉल्व्ह आवळून उभा राहिला आणि दुसऱ्या हाताने, कुठे पोचलास, कुठे पोचलास, लिहीत राहिला. त्याला वाटलं, डब्याला लिहिलं की ते प्रीतमला पोचतं. डबा आलेला मेसेज नुसता साठवतो, पुढे कुणाला देत नाही. हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

मग मी लॉग खाली सरकवला. तो संपत नव्हता. रोजची एक ओळ. रोज १३:११. दाजीकडून: 'खंय पावलंस?' काल. परवा. तेरवा. दाजीचा बंद पडलेला फोन यशोदावहिनींनी अस्थींबरोबर खाडीत सोडला होता. मी स्वतः लांबून बघितलं होतं.

मी प्रीतमला फोन लावला. त्याचा नवा नंबर एका जुन्या गिऱ्हाइकाकडून घेऊन ठेवला होता.

"लॉग मिळाला मला," मी म्हणालो. "तू एक पाठवलास. मेसेज डिलीट केलास आणि माझं नाव घेतलंस."

पलीकडे जेवणाचं ताट सरकवल्याचा आवाज आला.

"अज्या... माका वाटला, फिनेल..." मग आवाज अगदी बारीक झाला. "रोज येता रे तो मेसेज. नंबर दोनदा बदललंय. तरी येता... तू खंय आसस? थंयच? थांब... मी येतंय."

मी बाहेर गेटपाशी येऊन उभा राहिलो. धोंडू लांब रस्त्यावर, पिंपळाखाली. एक वाजून पाच मिनिटांनी प्रीतमची मोटारसायकल आली. पायात चपला नव्हत्या. उजव्या हाताला जेवणाची आमटी तशीच लागलेली होती. माझ्याजवळून जाताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"प्रीतम, थांब. आत काही नाहीये."

"हाक मारता तो," तो म्हणाला. "कधीपासून मारता."

तो आत गेला. दार त्याने लावलं की आपसूक लागलं, मला सांगता येणार नाही. मग वारा नसताना तो वास आला. नाकाडोळ्यांत मिरची गेल्यासारखा, घसा आवळणारा. रिकाम्या कारखान्यातून. आणि खिशातला फोन थरथरला.

'अमोनिया वाढलो. येतंस तर १ धाड.'

आता जे सांगतो ते मी पोलिसांना सांगितलेलं नाही. दार माझ्यापासून वीस पावलांवर होतं. टॉवेल गळ्यात होता, पाण्याची बाटली पिशवीत होती. मी मेसेज वाचला, आणि बोटाने १ दाबला. सवयीने दाबला, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खरं सांगू? त्या क्षणी मला वाटलं, वर्षभर मी जळलोय, दोन मिनिटं ह्यालाही कळू दे. आणि मी आत न जाता मागे, रस्त्यावर गेलो.

आतून एकदाच हाक आली. "अज्या..."

मग फोन. प्रीतमच्या नंबरावरून. 'खंय पावलंस?' पुन्हा. 'खंय पावलंस?'

मी गेलो. गेलोच नाही असं नाही. पण घड्याळ खोटं बोलत नाही, मला अकरा मिनिटं लागली. दार नुसतं लोटलेलं होतं. वास नव्हता. प्रीतम डब्याखाली भिंतीला टेकून उभा होता, खाली पडलासुद्धा नव्हता, कारण दोन्ही हातांनी त्याने एक कापलेला, गंजलेला पाइप धरून ठेवला होता. बोटं सोडवायला दोन माणसं लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

डबा मी घरी आणला. बॅटरी काढून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलाय. लॉग माझ्याकडे आहे. मी निर्दोष आहे हे सांगणारा कागद जगात तेवढाच एक. दाजीच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मी तो घेऊन यशोदावहिनींच्या दारापर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. कारण लॉग दाजीच्या ओळींवर संपत नाही. अगदी तळाशी, शेवटच्या दोन ओळी माझ्या आहेत.

१३:०८, अजयकडून: '१'.
१३:०८, प्रीतमला: 'अजय निघालो.'

म्हणजे तोही वाट बघत उभा राहिला. माझ्यावर विश्वास ठेवून. वहिनी अजून मलाच खुनी म्हणतात, आणि आता मी मान खाली घालतो.

तेव्हापासून रोज दुपारी एक वाजून अकरा मिनिटांनी प्रीतमच्या नंबरावरून विचारणा येते. मी उत्तर लिहीत नाही. त्याचीही सवय झाली होती.

आज तुम्ही फ्रिज घेऊन आलात त्याच्या जरा आधी फोन वाजला. म्हणूनच तुम्हाला बसवून घेतलं, हे सगळं सांगत बसलो. आजचा मेसेज वेगळा आहे. हा बघा, डब्याच्या नंबरावरून आलाय.

'प्रीतम निघालो.'

दाजीपर्यंत पोचायला त्याला एक वर्ष लागलं होतं. माझ्याकडे यायला किती वेळ लागेल, ते डबा सांगत नाही.